टेबलावरची कमान

जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात रुडोलश्टाट नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या फ्रीडरिश आडोल्फ रिश्टर या कारखानदाराने १८८०च्या दशकात मुलांसाठी दगड बनवायला घेतले. लाकडाचे ठोकळे तेव्हा होतेच. बालवाडीची कल्पना जगाला देणाऱ्या फ्रोबेलने जवळच्याच बाड ब्लांकेनबुर्ग गावात मुलांच्या हाती लाकडी घन आणि चिती दिल्या होत्या. रिश्टरच्या ठोकळ्यांचं वेगळेपण त्यांच्या मालात होतं. गारेची वाळू, खडूची पूड आणि जवसाचं तेल यांचं मिश्रण साच्यात दाबून, तापवून घट्ट केलेला हा कृत्रिम दगड. त्याची कृती शोधली ओटो आणि गुस्टाव लिलिएंथाल या भावांनी. यातला ओटो म्हणजे पुढे पंख बांधून टेकडीवरून झेपा घेणारा, आणि १८९६ साली तसंच एक उड्डाण करताना पडून मरण पावलेला ग्लायडरचा आद्य प्रवर्तक.

हे दगड तीन रंगांत येत. विटेचा लाल, वालुकाश्माचा पिवळट, आणि तिकडे छपरावर घालतात त्या पाटीच्या दगडाचा निळसर करडा. जहाजाच्या नांगराचा छाप असल्यामुळे ते जगभर ‘अँकर’ दगड म्हणून ओळखले गेले. मोठ्या मापाच्या संचाचा मूळ घन २५ मिलिमीटरचा, आणि बाकीचे सगळे आकार त्याच्याच पटीत किंवा भागात कापलेले. एकमेकांत अडकायला खाच नाही, खुंटी नाही, चिकटवायला काही नाही. ठोकळा जागेवर राहतो तो आपल्या वजनाने आणि पृष्ठभागाच्या किंचित खरखरीत घर्षणाने. १९६३ साली पूर्व जर्मनीत हा कारखाना बंद पडला आणि १९९५ साली त्याच शहरात पुन्हा सुरू झाला.

एका गोष्टीसाठी मला हे दगड फार मोलाचे वाटतात. खेळण्यांच्या बहुतेक इमारती खऱ्या इमारतींच्या नकला असतात. प्लास्टिकच्या खटक्यांनी जोडलेला मनोरा ज्या कारणाने उभा राहतो, त्या कारणाने कुठलाच खरा मनोरा उभा राहत नाही. पण नुसते दगड एकमेकांना टेकवून टेबलावर कमान उभी केली, तर ती खरी कमान असते. मापाने लहान, एवढाच फरक.

हे पटायला थोडं थांबावं लागतं, कारण आपला एरवीचा अनुभव उलटा आहे. काडेपेट्यांचा पूल उभा राहिला म्हणून त्याच प्रमाणात शंभर पट मोठा पूल उभा राहील असं कोणी म्हणणार नाही. गॅलिलिओने १६३८ साली हे नीट मांडलं होतं. आकार दहा पट केला की वजन हजार पट वाढतं, आणि तुळईच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र शंभर पटच. मोठी तुळई स्वतःच्याच भाराने मोडू लागते. इथे प्रश्न मालाच्या ताकदीचा असतो, आणि म्हणून लहान नमुना फसवतो.

दगडी कमानीत ताकदीचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. बऱ्यापैकी वालुकाश्माचा सरळ खांब रचत गेलो, तर तळाचा दगड वरच्या वजनाने चिरडायला खांबाची उंची ढोबळमानाने दोन किलोमीटर व्हावी लागेल. जगातल्या कुठल्याही पुलातला किंवा चर्चमधला दगड या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाही. कमान पडते तेव्हा दगड फुटल्यामुळे क्वचितच पडते. दगड एकमेकांवर कलंडतात आणि मग ती पडते. कलंडणं ही आकाराची गोष्ट आहे. सगळी मापं एकाच पटीत वाढवली किंवा घटवली तर निकाल बदलत नाही. रोमन लोकांनी स्पेनमधल्या सेगोव्हियात ग्रॅनाइटचे ठोकळे चुन्याशिवाय रचून सुमारे २८ मीटर उंचीचा जलसेतू उभारला. तो एकोणीस शतकांच्या आसपास उभा आहे. त्यातल्या एका कमानीची मापं शंभराने भागून टेबलावर उभी केली, तर तिलाही तेच नियम लागू होतात.

केंब्रिजचे जॅक हेमन यांनी १९६६ साली हा विचार तीन गृहीतकांत बांधला. सांध्यावर ओढ मुळीच सहन होत नाही. दगड दाबाने चिरडत नाही. आणि दगडावरून दगड घसरत नाही. अभियांत्रिकीच्या पुस्तकांतल्या अवजड इमारतींपेक्षा पोरांच्या ठोकळ्यांना ही गृहीतकं जास्त चपखल बसतात. सेंटरिंग, म्हणजे रचताना खालून दिलेला तात्पुरता आधार, काढल्यावर कमान पाच मिनिटं टिकली तर ती पाचशे वर्षं टिकेल, असं हेमन म्हणत. पाया खचला नाही आणि दगड झिजला नाही तर, एवढी अट त्यात अर्थातच गृहीत आहे.

*

हाताशी फक्त चौकोनी ठोकळे असतील, तर पहिला मोह होतो तो एकावर एक थोडे पुढे सरकवत दोन्ही बाजूंनी मध्यावर येण्याचा. हे करून पाहावंच. दहा सेंटिमीटर लांबीचे चार सारखे ठोकळे घ्या. सगळ्यात वरचा त्याच्या खालच्याच्या पुढे ५ सेंटिमीटर, दुसरा तिसऱ्याच्या पुढे अडीच, तिसरा चौथ्याच्या पुढे सुमारे १.६७ आणि चौथा टेबलाच्या कडेपुढे सव्वा सेंटिमीटर. बेरीज १०.४ होते. म्हणजे वरचा ठोकळा टेबलाच्या कडेपलीकडे पूर्णच्या पूर्ण अधांतरी, आणि तरी पडत नाही. अर्थात ही मापं अगदी काठावरची आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक ठोकळा केसभर मागेच ठेवावा लागतो. अशा दोन रचना समोरासमोर आणल्या की मधल्या पोकळीला कमानीचा आकार येतो.

आपल्याकडच्या जुन्या देवळांत हीच युक्ती आहे. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या यादवकालीन देवळांत खांब, त्यावर तुळया, आणि छतासाठी आत आत सरकत जाणारे दगडांचे थर. सगळं चुन्याशिवाय रचलेलं. दिल्लीत कुतुबमिनाराजवळच्या मशिदीची दर्शनी भिंत ११९९च्या सुमारास उभी राहिली. बांधून घेणाऱ्यांना टोकदार कमानी हव्या होत्या, पण बांधणाऱ्या स्थानिक पाथरवटांच्या हातात थर पुढे काढण्याची सवय होती. त्यांनी आकार कमानीचा दिला, रचना मात्र आपल्या पद्धतीची ठेवली. त्याच आवारातल्या १३११ सालच्या अलाई दरवाजात खरी कमान, म्हणजे दगड एकमेकांना रेटून धरतात ती, दिसते. खरी कमान त्याआधी इथे कुणाला ठाऊकच नव्हती, असं मात्र नाही. कानपूरजवळच्या भितरगावचं विटांचं देऊळ गुप्तकाळातलं आहे आणि त्यात ती आहे. ठाऊक असूनही शतकानुशतकं आपल्या कारागिरांनी तिला बाजूला ठेवलं. त्यांच्या पद्धतीचा एक फायदा टेबलावर लगेच कळतो. दोन बाजूंपैकी एक हलकेच उचलून घ्या. दुसरी जागची हलत नाही. तिला समोरच्या बाजूची गरजच नसते. तिचा सगळा भार सरळ खाली जातो, बाजूला रेटा बसत नाही.

खऱ्या कमानीचं अर्धं अंग असं एकटं उभं राहू शकत नाही. तिची सगळी मौज आणि सगळं संकट या रेट्यात आहे.

*

दोघी मुली फुगडी घालतात तेव्हा दोघी मागे झुकलेल्या असतात आणि हात ताणलेले असतात. आता त्याच दोघींनी पाय लांब ठेवून पुढे झुकायचं आणि तळहाताला तळहात लावून एकमेकींना पेलायचं. ताणाच्या जागी दाब आला. एकीने अंग काढून घेतलं तर दुसरी तोंडावर पडेल, आणि फरशी गुळगुळीत असेल तर दोघींचे पाय बाहेर सरकतील.

ओढ आणि दाब यांचं हे उलटसुलट नातं लंडनच्या रॉबर्ट हूकने कमानीच्या बाबतीत ओळखलं. १६७६ साली छापलेल्या एका पुस्तकाच्या शेवटी त्याने आपला शोध अक्षरांची उलथापालथ करून, कोड्याच्या रूपात नोंदवला. शोधाचा मान आपल्याकडे राहावा, पण तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, म्हणून त्या काळचे विद्वान असं करत. कोड्याचं उत्तर त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ साली जाहीर झालं. आशय असा, की लवचीक साखळी जशी लोंबते, तशीच पण उलटी करून, ताठ तुकड्यांची कमान उभी राहते. लोंबणाऱ्या साखळीत फक्त ताण असतो, प्रत्येक कडी शेजारच्या कडीला ओढते. आकृती उलटी केली की प्रत्येक ताणाचा तेवढाच दाब होतो. त्या वक्राचं नेमकं गणित हूकला जमलं नव्हतं. ते १६९१ साली लाइबनिट्स, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी सोडवलं.

पण साखळीला गणित कळावं लागत नाही. गळ्यातली बारीक साखळी भिंतीवर लावलेल्या पुठ्ठ्यापुढे दोन टाचण्यांनी टांगावी, तिच्या मागोमाग पेन्सिल फिरवावी आणि पुठ्ठा उलटा करावा. दगडांमधून दाब वाहत जायला सगळ्यात सोयीची वाट ती हीच. गणितात हिला दाबरेषा म्हणता येईल. ही उलटी साखळी दगडांच्या जाडीच्या आत कुठूनही, तिरकी किंवा कडेकडेने का होईना, पार होत असेल तर कमान उभी राहते. जाडीबाहेर पडली तर ज्या सांध्यावर ती बाहेर पडते तिथे दगड कलंडतो. रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला तडे गेले तेव्हा जोव्हानी पोलेनी या इटालियन विद्वानाने १७४०च्या दशकात हेच केलं. घुमटाच्या एका फाकेच्या प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात जड मणी दोऱ्यात ओवले, दोरा टांगला, आणि तो उलटा करून घुमटाच्या जाडीत बसतो की नाही हे पाहिलं. दोरा आत बसला. घुमट सुरक्षित आहे, असं त्याने सांगितलं, आणि खबरदारी म्हणून लोखंडी कडी घालायला सुचवलं.

*

आता अर्धगोल कमान घेऊ, कारण रोमनांपासून सगळ्यांना ती आवडते आणि तिचे सगळे दगड एकाच मापाचे होतात. खेळण्याच्या पेटीत बहुतेकदा एक अखंड ठोकळा असतो, ज्यातून अर्धगोल खाच कापून काढलेली असते. तो दिसतो कमानीसारखा, पण काम तुळईचं करतो. आपल्याला सुटे, पाचरीच्या आकाराचे दगड हवेत.

ते घरी करता येतात. बांधकामावर सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या, ठोकळ्यांचे फुटके तुकडे पडलेले असतात. ते साध्या करवतीने कापले जातात आणि त्यांची बाजू छान खरखरीत असते. धूळ बारीक उडते, म्हणून हे काम बाहेर, तुकडा ओला करून आणि नाकाला रुमाल बांधून करावं. समजा कमानीची आतली त्रिज्या १० सेंटिमीटर आणि जाडी अडीच सेंटिमीटर ठरवली, आणि नऊ दगड घ्यायचे आहेत. अर्धवर्तुळाचे १८० अंश नवांत वाटले की प्रत्येकाला २० अंश मिळतात. प्रत्येक दगडाची आतली कड सुमारे ३५ मिलिमीटर आणि बाहेरची सुमारे ४३. पुठ्ठ्याचा एकच नमुना कापावा आणि त्यावरूनच सगळे आखावेत. पाथरवटही तेच करतात. शेवटी पॉलिश पेपर सपाट फळीवर ठेवून सांध्याच्या बाजू त्यावर घासाव्यात. इथे घाई करू नये. खऱ्या पुलात मिलिमीटरभराची फट कुणाच्या लक्षातही येत नाही. टेबलावर तीच फट दगडाच्या जाडीचा पंचविसावा भाग असते. नियम लहान-मोठ्याला सारखेच, पण हातकामातल्या चुका आकाराबरोबर लहान होत नाहीत.

जाडी किती हवी, याचं उत्तर फार सुंदर आहे. अर्धगोल कमान फक्त स्वतःच्या वजनाखाली उभी राहायची असेल, तर तिची जाडी सरासरी त्रिज्येच्या किमान ०.१०७५ पट हवी. हा आकडा नेमका काढला मिलुटिन मिलांकोविच या सर्बियन अभियंत्याने. पृथ्वीच्या कक्षेतल्या सावकाश बदलांचा हिमयुगांशी असलेला संबंध पुढे ज्याने मांडला, तोच हा मिलांकोविच. त्याआधी, १९०४ साली व्हिएन्नात मिळवलेल्या डॉक्टरेटसाठी त्याने दाबरेषांचा अभ्यास केला होता. दगड ग्रॅनाइटचा की सिपोरेक्सचा, कमान बोटभर की हत्ती जाईल एवढी, आकडा तोच. आपल्या १० सेंटिमीटर आतल्या त्रिज्येसाठी ही मर्यादा सुमारे ११.४ मिलिमीटर येते. १० मिलिमीटर जाडीचे दगड कितीही काटेकोर कापले, कितीही अलगद रचले, तरी सेंटरिंग काढताच कमान बसणार. अडीच सेंटिमीटर घेतले तर भरपूर मोकळीक राहते.

एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. मुलांना टोचू नये म्हणून ठोकळ्यांचे कोपरे गोलावलेले असतात, किंवा वापरून वापरून झिजतात. कलंडणारा दगड कोपऱ्यावर कलंडतो. कोपरा मिलिमीटरभर आत गेला तर दोन्ही बाजू मिळून जाडी दोन मिलिमीटरने घटली असं धरावं. बारा मिलिमीटरची कमान मोजपट्टीवर पास होते आणि टेबलावर पडते ती याच कारणाने.

चौकोनी ठोकळे वक्रावर रचले तर हीच अडचण टोकाला जाते. ते एकमेकांना फक्त आतल्या कडेवर भेटतात आणि बाहेरच्या बाजूला व्ही आकाराची फट राहते. दाबरेषेला जायला जागाच उरत नाही, एक धारदार रेघ तेवढी राहते. रोमन गवंडी सपाट विटांची कमान करताना सांध्यातला चुना पाचरीसारखा भरत, आत कमी, बाहेर जास्त. आपण दुमडलेल्या कार्डाच्या पट्ट्या घालून तेच साधू शकतो.

*

रचायला सेंटरिंग लागतं. थर्माकोलचा अर्धगोल चालतो, जाड पुठ्ठ्याची नळी उभी चिरूनही चालते. महत्त्वाची गोष्ट ही, की ते नंतर सरळ खाली उतरवता आलं पाहिजे. बाजूला ओढून काढायला गेलं तर घासून दगडही ओढले जातात. म्हणून सेंटरिंगखाली दोन्ही बाजूंना एकमेकींवर उलट्या ठेवलेल्या पाचरींची जोडी ठेवतात. पाचरी सैल केल्या की सेंटरिंग केसाकेसाने उतरतं. एकोणिसाव्या शतकातल्या पूल बांधणाऱ्यांनी याहून छान सोय काढली होती. सेंटरिंगचे टेकू वाळू भरलेल्या डब्यांवर उभे करायचे आणि वेळ आली की डब्याचं भोक उघडून वाळू वाहू द्यायची. दोन लहान डब्यांत कोरडी वाळू भरून हे टेबलावरही होतं. सगळा भार हळूहळू सेंटरिंगवरून कमानीवर जाताना पाहायला मिळतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञानकेंद्रात सेंटरिंगला फाटा देणारी युक्ती आहे. तिथे साखळीच्या आकाराची कमान आडव्या फळीवर झोपवून रचतात आणि मग फळीच बिजागरीवर उभी करतात. फळी मागे घेतली की ठोकळे आपापले उभे. घरच्या मापाला ही रीतही चांगली लागू पडते.

दगड दोन्ही पायथ्यांकडून सारखे चढवत न्यावेत. मधला, चावीचा दगड शेवटी येतो आणि सगळा मान त्याला मिळतो. त्याच्यावर नक्षी कोरतात, साल कोरतात. यांत्रिकदृष्ट्या त्याला वेगळा दर्जा नाही. नवांपैकी कुठलाही दगड काढला तर कमान पडते, पायथ्याचा काढला तरीही. दगड विषमच हवेत हाही समज खोटा आहे. दहा दगडांची, शेंड्यावर सांधा येणारी कमान तितक्याच चांगल्या रीतीने उभी राहते. चावीचा दगड फक्त सगळ्यात शेवटी येतो, आणि तो आला की वर्तुळ पुरं होतं.

पायथ्याचं विसरू नये. अर्धगोल कमान पातळ असेल तर तिचा प्रत्येक पाय जेवढ्या वजनाने खाली दाबतो, त्याच्या सुमारे ०.४ पट जोराने बाहेर रेटतो. जाड कमानीत हा रेटा कमी असू शकतो, पण नाहीसा होत नाही. सनमायकाच्या गुळगुळीत टेबलावर पायथे हळूच सरकतात, मध्य खचतो आणि दोष दगडांवर येतो. पायांखाली पॉलिश पेपरची पट्टी, खरखरीत बाजू वर करून, चिकटवली की हे थांबतं.

आता पाचरी सैल करा. आवाज होत नाही. कमान किंचित बसते आणि सांधे आवळले जातात. मग खोली अंधारी करून कमानीच्या मागे टॉर्च धरावा. काही सांध्यांमधून उजेडाची बारीक रेघ येते. शेंड्याजवळच्या सांध्यांत ती खालच्या बाजूला दिसते, म्हणजे तिथले दगड वरच्या कडेवर टेकले आहेत. शेंडा आणि पायथा यांच्या मधे, कमानीच्या खांद्यांवर, ती बाहेरच्या बाजूला दिसते. तिथे दगड आतल्या कडेवर टेकले आहेत. उलटी साखळी दगडांच्या जाडीत कुठून कुठे जाते, ते त्या रेघा पाहून जवळजवळ आखता येतं. पाय किंचित बाहेर सरकले की जुन्या इमारतींच्या कमानीही अशाच फटी दाखवतात. शेंड्याखाली तडा दिसला म्हणून घाबरून जाण्याचं कारण नसतं. बदललेल्या पायथ्याशी जुळवून घेताना कमानीने ती बिजागरी उघडलेली असते.

आता बोटाने, मध्यापासून पायथ्याकडे अर्ध्या वाटेवर, हलकेच दाबा. दाबलेली बाजू खाली जाते आणि समोरची बाजू वर उचलली जाते. दाब वाढला की एकामागून एक चार सांधे उघडतात, एक आत, एक बाहेर, आलटून पालटून. तीन बिजागऱ्यांपर्यंत कमान उभी असते. चौथी उघडली की ती यंत्रासारखी दुमडून खाली येते. दगड जमिनीवर सगळेच्या सगळे शाबूत असतात.

याच्यावरून उपायही सुचतो. नुसती अर्धगोल कमान कमकुवत असते ती खांद्यांपाशी, तिथून ती बाहेर फुगू पाहते. खांद्यांच्या मागे निम्म्या उंचीपर्यंत ठोकळे रचून भराव केला की मघाशी पडणारी पातळ कमानही उभी राहते. पुलांमध्ये रस्त्याखालचा भराव हे काम करतो.

पण भरावही अति होऊ शकतो, आणि त्याची गोष्ट वेल्समधल्या पाँटिप्रिथ इथली. विल्यम एडवर्ड्स हा गवंडी आणि धर्मोपदेशक. टाफ नदीवर पूल बांधण्याचा ठेका त्याने १७४६ साली घेतला. तीन कमानींचा पहिला पूल पुरात वाहून गेला. मग त्याने नदीत खांबच नको म्हणून सुमारे ४३ मीटरची एकच कमान घातली. बांधकाम चालू असताना पुराने तिचं सेंटरिंग उखडलं. पुन्हा बांधली, ती पुरी झाली, आणि १७५४ साली पुराशिवायच पडली. कमान पातळ होती आणि खांद्यांवरचं दगडकाम भारी. खांदे खाली दबले, आणि शेंडा वर उसळून फुटला. टेबलावर हे हुबेहूब करता येतं. दोन्ही खांद्यांवर एकदम दाबलं की मधला दगड वर उठतो. हरलेल्या एडवर्ड्सने चौथ्यांदा काय करावं? खांद्यांचं वजन उतरवायला त्याने दोन्ही बाजूंच्या दगडकामात तीन-तीन गोल आरपार भोकं ठेवली, मोठं, मधलं आणि लहान. १७५६ साली पूल पुरा झाला आणि तो आजही नदीवर आहे. शिक्षण नसलेल्या माणसाने केवळ पडझडीतून दाबरेषा ओळखली, याचं मला फार अप्रूप वाटतं. भोकांमुळे पूल देखणा झाला, पण ती नक्षीसाठी पाडलेली नव्हती.

*

एक कमान जमली की पोरांना ती खांबांवर चढवायची असते. इथे सगळ्यात जास्त पडझड होते. ०.४ हा आकडा पुन्हा लक्षात घ्या. पातळ कमानीच्या पायथ्यापासून निघालेली दाबरेषा खांबात शिरते तेव्हा तिरकी असते. खांबाचं स्वतःचं वजन बाजूला ठेवलं तर दर १० सेंटिमीटर उंचीला ती ४ सेंटिमीटर बाहेर जाते. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या खांबाला बाहेरच्या अंगाला सहा सेंटिमीटर जागा हवी. खांब जड असला, किंवा त्याच्या डोक्यावर ओझं ठेवलं, तर रेषा उभट होते आणि कमी रुंदीत भागतं. युरोपातल्या गॉथिक चर्चच्या टेकूंवर जे दगडी सुळके असतात, ते शोभेबरोबर ओझ्याचंही काम करतात.

ओळीने कमानी असतील तर मधल्या खांबावर दोन्हीकडून सारखाच रेटा येतो आणि तो बारीक असला तरी चालतो. फ्रान्समध्ये पेरोने या अभियंत्याने सेन नदीवरच्या नेयी इथल्या पुलात याचा पुरेपूर फायदा घेतला. प्रत्येकी सुमारे ३९ मीटरच्या पाच कमानी, आणि मधले खांब पूर्वीच्या रिवाजाच्या मानाने अगदी सडपातळ. त्यामुळे पाण्याला वाट मोकळी मिळाली. पण असा खांब एका बाजूचा रेटा एकट्याने पेलू शकत नाही. म्हणून पाचही कमानी पुऱ्या होईपर्यंत सगळं सेंटरिंग तसंच ठेवावं लागलं. १७७२च्या सप्टेंबरात पंधराव्या लुईसमोर समारंभाने ते उतरवलं गेलं.

टेबलावर चार कमानी ओळीने उभ्या करा. टोकांना जाड खांब, मधे बारीक. सेंटरिंगं एकामागोमाग एक, थोडी थोडी, सगळी सारखी उतरवा. मग एका टोकाच्या कमानीतला एक दगड काढून घ्या. पहिली कमान पडते, तिच्या शेजारच्या खांबावरचा एका बाजूचा रेटा गेला, खांब कलंडतो, दुसरी पडते, आणि पडझड दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाते. याच भीतीने लांब पूल बांधणारे दर काही कमानींनंतर एक खांब मुद्दाम जाड ठेवू लागले, एकट्याने एका बाजूचा रेटा पेलेल एवढा. पुन्हा चार कमानी रचा, या वेळी मधोमध एक जाड खांब घाला, आणि टोकाचा तोच दगड काढा. पडझड दोन कमानींवर थांबते.